दोघांनाही विचारणाऱ्या बाई

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा आहे त्या, गाणं वापरायची परवानगी विचारणाऱ्या आपल्या सर्वांच्या परवानगीबाई, आणि समोर बसलेल्या गायक, वादक, गीतकार मंडळींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी कलावंत नाही. माझी हयात चष्म्याची भिंगं घासण्यात गेली. सुरातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी मला या माइकसमोर उभं केलंय, कारण माझी मुलगी गायची. स्वतः लिहायची, स्वतःच चाल लावायची आणि कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता आपली गाणी आपणच बाहेर काढायची. ती गेली. तिची गाणी, गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या या संस्थेकडे नोंदवलेली आहेत, आणि तिचा वारस म्हणून माझी बाईंशी गाठ पडली. अशी ओळख कुणाची कुणाशी होऊ नये, पण झाली.

इथे नवी मंडळीही दिसतायत म्हणून सांगतो. गाण्याचे हक्क दोन. शब्द आणि चाल हा एक, रेकॉर्डिंग हा दुसरा. पोरीने शब्द-चालीसाठी वारस म्हणून लग्नाआधीच माझं नाव लावून ठेवलं होतं. रेकॉर्डिंग सगळं जावयाने केलेलं, तोच त्याचा धंदा, त्यामुळे ते त्याच्याकडे. म्हणजे तिचं गाणं कुणाला सिनेमात नाहीतर जाहिरातीत घ्यायचं असेल, तर आम्हा दोघांचा होकार लागतो. आणि आमचं दोघांचं बोलणं बंद. का? अंगात ताप असताना त्याने तिला कार्यक्रमाला जाऊ दिलं, त्या दुखण्यातून ती उठलीच नाही, हा माझा राग. आता ती कुणाचं ऐकणारी होती का? माझं तरी कधी ऐकलं होतं? पण राग कुणावर तरी काढावाच लागतो ना. जावई हाताशी होता.

रॉयल्टी मात्र नियमाने येते. फार नसते, तुम्हाला ठाऊकच आहे. हसलात, म्हणजे ठाऊक आहे. पण बँकेचा निरोप आला की क्षणभर वाटतं, पोरगी लांब कुठेतरी नोकरीला आहे आणि बापाला पैसे धाडतेय. मग भानावर येतो.

तर तिचं एक गाणं बाहेर आलेलं नाही. शेवटचं. घरीच गाऊन ठेवलेलं, अर्धवट. ते आहे असा बोभाटा झाला आणि मागण्या सुरू झाल्या. सिनेमावाले आले, टायरच्या जाहिरातवालेसुद्धा आले. टायरला काय गाणं लागतं हो? प्रत्येक वेळी बाईंचा फोन. नुसतं हो की नाही, असं त्या विचारत नसत. ‘काका, पडद्यावर एक बाई घर रिकामं करतेय, खिडक्यांचे पडदे उतरवतेय, त्यावर दोन ओळी हव्यात,’ असं सगळं सविस्तर सांगायच्या. मी ऐकून घ्यायचो आणि नाही म्हणायचो. मग हळूच विचारायचो, ‘जावयाने हो म्हटलं असेल ना?’

‘ते मला सांगता येत नाही, काका.’

मी मनाशी धरून बसलो की तो गाणं विकायला टपलाय आणि मीच एकटा आडवा पडलोय. आता गंमत बघा. एकाचा नकार आला की विषय तिथेच संपतो, दुसऱ्याला विचारायचं कारणच उरत नाही. कार्यालयातले लोक बाईंना म्हणायचे, कशाला उगाच दोन-दोन फोन करता? तरी बाई दोघांनाही विचारायच्या.

निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना एकदमच बोलावलं. मला आधी सांगितलं नव्हतं. जावयाला बघून मी दारातूनच परत फिरत होतो. ‘काका, माझा शेवटचा आठवडा आहे, आज रुसू नका,’ म्हणाल्या. बसलो. चहा आला, तो निवत राहिला. मग बाई म्हणाल्या, ‘तुम्हा दोघांची परवानगी असेल तर सांगते.’ आम्ही माना हलवल्या. ‘प्रत्येक मागणीला तुम्ही दोघंही नाहीच म्हणालात. एकाच्याच नावावर नकार पडला असता, तर दुसऱ्याने त्याला जन्मभर बोल लावला असता. म्हणून दोघांना विचारत आले.’

मी जावयाकडे बघितलं. तो टेबलाकडे बघत होता. केस पिकलेत त्याचे. कधी पिकले, मला पत्ताच नाही.

मग त्याने गाणं लावलं. मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दोन कडवी होतात. तिसऱ्याला शब्द नाहीत, नुसती गुणगुणते. आणि मध्येच थांबून म्हणते, ‘थांब रे, चुकलं. परत घेऊ.’ पुढे काही नाही. परत घेतलंच नाही तिने.

मी म्हटलं, ‘अरे, असंच बाहेर काढू या. माझं वय झालं. रस्त्याने जाताना कुणा परक्याच्या तोंडून मला हे एकदा ऐकायचंय.’

तो म्हणाला, ‘बाबा, तिचं नवं एवढंच राहिलंय. हे गेलं की तिचं काही यायचंच उरणार नाही.’

इतकी वर्षं माझा नकार तरी दुसऱ्या कशासाठी होता? मी म्हटलं, ‘बाई, माझाही नकार लिहा.’ जिना उतरताना त्याने माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही.

आज तो इथे नाही, कामावर आहे. बरंच झालं, त्याच्यासमोर माझ्याच्याने पुढचं बोलवलं नसतं. माझ्यामागे माझा हक्क मी त्याच्याच नावावर केलाय. म्हणजे मी गेलो की दोन्ही उत्तरं त्याची. दर वेळी त्याला एकट्याला नाही म्हणावं लागेल, आणि ते फार जड जातं हो. म्हणून बाईंच्या खुर्चीवर उद्या जे कोणी बसेल, त्यांना हात जोडून विनंती आहे. नियमात बसत नाही, कळतंय मला. तो नाही म्हणाला, तर त्याला सांगा, तुमच्या सासऱ्यांनीही नाहीच म्हटलंय. आणि कधीकाळी हो म्हणाला, तर सांगा, ते केव्हाच हो म्हणून गेलेत.

बाई, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. घरी जिच्याकडे होते, ती नाही. संस्थेने बोलू दिलंत, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही वेडंवाकडं तोंडून गेलं असेल, तर म्हाताऱ्याची चूक पदरात घ्या. नमस्कार.