कुरडया आणि चक्रीवादळ

—कुलूप बघून माघारी जाऊ नका हो पाव्हणं, इकडं माझ्या ओट्यावर बसा, सावली हाय. अण्णाराव शेतात गेलेत, त्यांची मंडळी बी गेली, कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाकायला – चक्रीवादळ येऊन राहिलंय ना. तुम्ही अंगदचे मामा, न्हाई का? तुम्हाला फोन न्हाई आला, येऊ नका म्हणून? आला होता? अन् तरी आलात, इस्लापूरहून, एसट्या बदलत? धन्य हाय. भाच्यासाठी पोरगी बघायची म्हणल्यावर मामालोक वादळाला बी भीत न्हाईत. मी नागाबाई, शेजारीण. ह्या गल्लीतलं मला मालूम न्हाई असं काही न्हाई – म्हणजे मी कुणाला विचारायला जात न्हाई, लोकच येऊन सांगतात.

हसू नका, अण्णारावांचा टीव्हीवर लई इस्वास. परवापासून बातम्या चालू हायत – लाल पट्टी, धडाडधूम वाजवणं, अन् समुद्रावर ते पांढरं भवरं गरगर फिरतंय, बघितलं तर थेट कुरडईच. रेनकोट घातलेला एक पोरगा किनाऱ्यावर ओरडून राहिला, म्हणतो इथं उभं राहता येत न्हाई, अन् त्याच्या मागून एक माणूस सायकलीवर शेळी घेऊन निवांत चाललाय. एरवी मी म्हणले असते, अण्णाराव, समुद्र तिकडं आंध्रात, आपल्याकडं घागर भरायची मारामार, कशाला जीव घाबरा करता? ह्यावेळी न्हाई म्हणलं. ह्यावेळी म्हणलं, लई मोठं दिसतंय हो, अशात पाव्हणे बोलावता, वाटेत झाडबिड पडलं तर? लगेच तुम्हाला फोन लावला त्यांनी. मी आपला टीव्हीचा आवाज वाढवला – म्हणजे नीट ऐकू यावं म्हणून.

पाणी घ्या. वर काय बघताय सारखं? गच्चीवर? काही न्हाई, जुनं लुगडं हाय. लुगड्यावर? आता लुगड्यावर कुरडयाच असणार ना उन्हाळ्यात – तुमची नजर मोठी बारीक हाय मामा. तुमच्याकडं बी घालतात का? मग मालूमच असंल, गहू भिजवा, वाटा, चीक हाटा, कंबर राहत न्हाई, अन् एक सर आली की सगळ्याचा लगदा. जिला वादळ येणार वाटतं ती बाई कुरडया घालत न्हाई. खरंय तुमचं. पण म्हणून असं बघू नका माझ्याकडं. ऋतुजा? पोरगी बी शेतातच हाय, आईबापासंगं, म्हणूनच दारात तिचे पळायचे बूट न्हाईत – घ्या. बोलून गेले.

थांबा, मोबाईल कशाला काढता? अहो पळून गेली न्हाई, पळायला गेली. फोन खाली ठेवा, आधी ऐका. उद्या सकाळी लातुरात पोलीस भरतीचं मैदान हाय तिचं. बापाला सांगितलंय, वादळ येतंय, लातूरच्या मावशीच्या घराचे पत्रे बांधायला जाते – अण्णारावांनी सोता नवा दोर दिला अन् गाडीत बसवून आले. आता तुम्ही फोन केला, पाव्हणे दारात म्हणलं, की तसेच मोटरसायकल काढून लातूरहून घेऊन येतील तिला. आधी सांगितलं होतं हो बापाला. म्हणाले, एकदा लोकं बघून जाऊ दे, मग ते म्हणले पळ तर पळ. आता सांगा, सासरी जाऊन कोण पळतं? मी बी साळंत लई पळायचे. सातवीत असताना मला बघायला आले, तेव्हा कुठंच वादळ नव्हतं बघा.

वर्षभर पहाटं मी गुडघ्यासाठी फिरायला जाते म्हणून सांगते अन् तिला सोबत नेते. फिरते कसली – पुलाच्या कठड्यावर तिची ओढणी धरून बसते, अन् ती अशी जाते, अशी जाते, की कुत्री बी भुंकायची विसरतात. आता माझी पंचाईत समजून घ्या मामा. वादळ टीव्हीवर तर राहिलं पाहिजे, पण लातूरच्या मैदानावर थेंब पडला न्हाई पाहिजे. चिखल झाला की पुढची तारीख, अन् तवर तुम्ही सुपारी फोडून मोकळे. म्हणून तर कुरडया घातल्या. लोक देवापुढं नारळ ठेवतात, मी गच्चीवर चीक ठेवला – म्हणलं, एवढं केलंय, आता भिजवून दाखव.

फोन ठेवला खिशात? हसलात बी. मग तर बरंच झालं. अंगदला पोलीस बायको चालंल का ते घरी जाऊन विचारा, पण उद्या दुपारनंतर विचारा. आता उठा, नांदेडची गाडी लागली असंल, अण्णाराव यायच्या आत स्टँड गाठा. घरी सांगा, अहमदपुरात लई वारं होतं, उभं राहता येत नव्हतं. अन् थांबा, ह्या घ्या, कालच्या घाण्यातल्या, खडखडीत वाळल्यात. पिशवीच्या तळाशी घाला, वरून टॉवेल टाका. कुरडया दिसल्या तर तुमच्या वादळावर कोण इस्वास ठेवील? जा आता.