ओल्या रंगाची कूपे

ब्रेक ऑइल

ट्रीना : परत? डॅडी, कूपे परत ब्रेक ऑइलमध्ये बुडवलीस?

वर्लिन : झाकण लाव. गॅरेजभर वास सुटतो.

ट्रीना : मागच्या रविवारी काळी होती. आरशासारखी. या वीतभर मॉडेलच्या दारात मी माझे दात बघितले होते.

वर्लिन : रंगात केस होता. सगळा रंग ऑइलनं उतरवावाच लागला.

ट्रीना : कुणाचा?

वर्लिन : बिस्किटचा. ही कुत्री नुसती शेपटी हलवत आत येते आणि माझी महिन्याची मेहनत वाया घालवते.

ट्रीना : बिचारीच्या नावावर काहीही खपव. जांभळ्या रंगाच्या वेळी तर ती जन्मलीही नव्हती.

वर्लिन : जांभळा ओघळला होता. मागच्या चाकाच्या कमानीवर.

ट्रीना : मी नऊ वर्षांची होते. मला ओघळ दिसलाच नव्हता, मला जांभळी गाडी दिसली होती. शाळेत न्यायची होती. सकाळी उठून बघते तर ती बरणीत, काकडीच्या लोणच्यासारखी.

वर्लिन : ओघळलेली गाडी शाळेत नेतात का?

ट्रीना : मग लाल. मी कॉलेजला गेले तेव्हाची. मग पिवळी, पुढे ज्वाळा काढलेली, माझ्या लग्नाच्या केकवर ठेवायची होती ती. केकवर शेवटी काय ठेवलं, आठवतं?

वर्लिन : बदकं.

ट्रीना : हंस होते ते.

वर्लिन : बदकंच दिसत होती. लग्नही टिकलं नाही.

ट्रीना : हंसांमुळे नाही मोडलं. डॅडी, ऐक. ट्रक दारात उभा आहे. पलंग, फ्रीज, झाडाच्या कुंड्या, सगळं भरून झालंय. जेवले की मी फ्लॅगस्टाफला राहायला निघणार. उद्या नव्या हॉस्पिटलात कामावर हजर व्हायचंय. तू म्हणालास, जाताना कूपे देतो.

वर्लिन : इंजिन तयार आहे. सांगाडा तयार, चाकं तयार. सीटवर शिलाईसुद्धा कोरलीय. त्या खोक्यात बघ.

ट्रीना : आणि बॉडी बरणीत.

वर्लिन : बॉडी मागाहून पाठवतो. नाताळपर्यंत.

ट्रीना : कुठल्या सालच्या?

नेतो : आत येऊ, की बापलेकीचं संपू दे आधी? तमाले आणलेत, मिरचीचे आणि चीजचे. मिहा, पोरी, तुझा ट्रक काय सुंदर उभा आहे. मागून खाली बसलाय, अगदी माझ्या गाड्यांसारखा.

वर्लिन : तो ओझ्यानं बसलाय. तुझ्यासारखा हौसेनं नाही बसवलेला.

नेतो : ऐकलंस? इतकी वर्षं आमच्यात एक कुंपण आहे फक्त. एकाच क्लबात मॉडेलं नेतो, मी तुझा धर्मपिता झालो, आणि या माणसाला अजून वाटतं, माझ्या गाड्या लोळत चालतात.

वर्लिन : लोळतातच. गाडीनं नाक खाली घालून पळायला पाहिजे.

नेतो : तुझी पळते कुठे, कोंपाद्रे, दोस्ता? तुझी तर पोहते. काय रे हे, काळीसुद्धा बुडवलीस?

ट्रीना : मी काढते आहे बाहेर.

वर्लिन : हातमोजा घाल. सावकाश. छपराला धरू नको, दाराखाली हात—

ट्रीना : धरलं.

नेतो : अगं आई.

ट्रीना : डॅडी, छप्पर माझ्या हातात आलं. बॉडी खाली राहिली.

वर्लिन : दिसतंय मला.

ट्रीना : मी काहीच जोर नाही लावला.

वर्लिन : तुझं काही नाही. छप्पर मी कापून बुटकं केलं होतं. खांब कापले, मधला तुकडा काढला, परत चिकटवले. वरून पुट्टी. ती पुट्टी ऑइलनं खाल्ली.

नेतो : क्लबात नवीन पोरं आली की टेबलावर हात आपटून कोण सांगतं, कापलेलं छप्पर ब्रेक ऑइलमध्ये तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका म्हणून?

वर्लिन : मी सांगतो.

ट्रीना : ही कधीपासून आहे आत?

वर्लिन : मागच्या रविवारी तू गेलीस ना. तुझी गाडी कोपऱ्यावर वळली, तेव्हापासून.


साबण

वर्लिन : झालं आता. नवे खांब कापायचे, भरायचे, घासायचे. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनापर्यंत होईल.

ट्रीना : टूथब्रश कुठे आहे?

वर्लिन : कशाला?

ट्रीना : भांड्यांच्या साबणानं घासून काढते. ऑइलचा थेंब राहिला तर रंग धरत नाही. लहानपणी हेच काम होतं माझं, विसरलास? तू बुडवायचास, मी घासायचे.

वर्लिन : छप्पर नसलेली गाडी घासून काय करणार?

नेतो : का, रोडस्टर होईल की. उरलेले खांब कमरेशी कापायचे, कानस मारायची. उघडी गाडी. वाळवंटात जायला उत्तम.

वर्लिन : नेतो, तू गप्प बस. बत्तीस सालच्या फोर्डचा रोडस्टर वेगळा आणि कूपे वेगळी. रोडस्टरची पुढची काच वेगळी, पाठीचा उतार वेगळा. कूपेचं डोकं उडवलं म्हणून ती रोडस्टर होत नाही, ती डोकं उडालेली कूपे होते. क्लबातला कोणीही हसेल.

ट्रीना : क्लब फ्लॅगस्टाफला येतोय का?

वर्लिन : नाही.

ट्रीना : मग बघणार कोण? मी. मला ही आजच पाहिजे, डॅडी. अशीच.

वर्लिन : चुकीची गाडी माझ्या हातून घराबाहेर जायची नाही.

ट्रीना : बरोबर गाडी कधी गेलीय?

नेतो : कोंपाद्रे, मी बोलणार नव्हतो. पण मागच्या रविवारी काळी मीसुद्धा बघितली. तुझ्याच भिंगाखाली, छपरापासून खालच्या पट्टीपर्यंत. केस नव्हता.

वर्लिन : तुला दिसला नसेल.

नेतो : गाड्यांना मोत्यासारखा पातळ रंग मारून पोट भरलं मी आयुष्यभर. मला रंगातली माशीची तंगडी दिसते.

ट्रीना : डॅडी? केस नव्हता?

वर्लिन : घास तू. कोपऱ्यात साबण राहतो.

ट्रीना : होता की नव्हता?

वर्लिन : हे बघ, पुरी झालेली गाडी फळीवर जाते. माझ्या फळीवर कितीतरी आहेत, कधी कोणी बघायला आलंय? कूपे अपुरी होती म्हणून तू दर रविवारी यायचीस. आलीस की आधी गॅरेजात, मग घरात. कुठवर आली, म्हणून विचारायचीस.

ट्रीना : मी कूपे बघायला येत होते असं वाटतं तुला?

वर्लिन : आधी गॅरेजातच यायचीस.

ट्रीना : कारण तू गॅरेजात असायचास.

नेतो : मी तमाले गरम करून येतो.

ट्रीना : बस तिथेच, नेतोकाका. तूच काढलंस हे. डॅडी, मी किती वेळा म्हटलं, चल, घर लावून दे, चार दिवस राहा. तर म्हणे टोमॅटोला पाणी कोण घालणार.

वर्लिन : घालावंच लागतं. बेकर्सफील्डचं ऊन आहे हे.

ट्रीना : कानस दे.


प्रायमर

वर्लिन : तशी नाही. एकाच दिशेनं. मागे आणताना उचल.

ट्रीना : अशी?

वर्लिन : हं. त्या बाजूचा खांब मी करतो. तू जास्त खाल्लंस दाराकडे.

नेतो : आता कसा हात चालायला लागला. छान दिसतेय रे. टक्कल पडलं पण रुबाबदार आहे. तुझ्यासारखी.

वर्लिन : हेअर ड्रायर लांब धर, ट्रीना. प्लास्टिक वाकेल. प्रायमर आपोआप वाळतो, त्याला भाजायची गरज नसते.

ट्रीना : रंग कुठला मारायचा?

वर्लिन : काळा संपला.

ट्रीना : नको काळा. जांभळाही नको, मी आता नऊ वर्षांची नाही.

नेतो : माझ्याकडे नारिंगी आहे. पिकलेल्या संत्र्यासारखा. आणू का घरून?

ट्रीना : आण.

वर्लिन : नीट ढवळून आण. तुझ्या बाटल्यांत तळाला चिखल असतो.

नेतो : आलोच.

ट्रीना : डॅडी.

वर्लिन : हं.

ट्रीना : त्या लाल रंगात काय खोट होती? मी कॉलेजला गेले तेव्हाच्या?

वर्लिन : मला वाटतं, मागच्या काचेखाली धूळ होती.

ट्रीना : वाटतं?

वर्लिन : असेल. गॅरेजात धूळ असतेच.

नेतो : हा घ्या. कागद निघालाय बाटलीवरचा, पण रंग फक्कड आहे.

वर्लिन : बघू. झाकण उघड.

ट्रीना : काय झालं? तोंड का असं केलंस?

वर्लिन : काही नाही. थोडा पातळ करावा लागेल. हँगरची तार वाकव, बॉडी आतून अडकव तिच्यावर. आणि बिस्किटला बाहेर काढा कोणीतरी.


रंग

ट्रीना : मी मारते.

वर्लिन : तू?

ट्रीना : तू मारलास तर तुला खोट सापडेल. मी मारला तर माझी खोट, तुला हात लावता येणार नाही.

नेतो : मुलगी वकील व्हायला हवी होती.

वर्लिन : मास्क लावा. दोघंही. एअरब्रश गाडीच्या अलीकडे सुरू कर, पलीकडे जाऊन बंद कर. मध्ये थांबलीस की—

ट्रीना : ओघळ. माहितेय.

(फवारा सुरू होतो. मास्कमुळे सगळे मोजकंच बोलतात.)

वर्लिन : लांब.

ट्रीना : हं.

वर्लिन : अजून लांब.

नेतो : बोलू नको तिच्याशी.

वर्लिन : कोपर हलव. मनगट नको.

ट्रीना : हं.

नेतो : वा.

वर्लिन : दुसरी बाजू.

ट्रीना : फिरव ना तार.

वर्लिन : फिरवतोय.

नेतो : वा, वा.

वर्लिन : पुरे.

ट्रीना : अजून एक हात?

वर्लिन : पुरे म्हटलं. एअरब्रश खाली ठेव. आता श्वाससुद्धा लांबून घे.

नेतो : संत्रं. सोललेलं संत्रं आहे हे.

ट्रीना : डॅडी, ते काय आहे? तिथे, मागच्या झाकणावर?

वर्लिन : केस.

ट्रीना : खरा?

वर्लिन : या वेळी खरा. बिस्किटचा. चिमटा दे, ओला आहे तोवर काढतो.

ट्रीना : नको.

वर्लिन : एक सेकंदाचं काम आहे, पोरी.

ट्रीना : चिमटा लागला की खड्डा पडेल, खड्डा पडला की तू घासशील, घासलास की बरणी. राहू दे. बिस्किटही येतेय माझ्याबरोबर, असं समजते मी.

वर्लिन : आयुष्यभर दिसेल तो.

ट्रीना : दिसू दे.

नेतो : कोंपाद्रे, चिमटा खिशात टाक.

ट्रीना : टाकलास? थँक यू. आता मला एक खोकं दे, त्यात कापूस घालते आणि निघते. ट्रकचं भाडं चढतंय.

वर्लिन : खोक्यात ठेवायची नाही.

ट्रीना : मग?

वर्लिन : कशालाही टेकवायची नाही. इनॅमल आहे हे. माझ्या लॅकरसारखं तासाभरात वाळत नाही. आज टेकवलंस तर कापसासकट वाळेल, मेंढीसारखी दिसेल.

ट्रीना : नेतोकाका. तू इनॅमल आणलंस?

नेतो : घरात तेच होतं.

ट्रीना : तुझ्या घरात भिंतभर बाटल्या आहेत.

नेतो : कपाटात अंधार असतो, मिहा. हाताला लागली ती उचलली.

ट्रीना : मग नेऊ कशी? तेहाचापीच्या घाटात एका हातानं स्टिअरिंग धरू आणि दुसऱ्या हातानं हँगर?

नेतो : छे, छे. कोणीतरी शेजारी बसून धरली पाहिजे. हात स्थिर असलेलं माणूस हवं. माझं तर कोपर दुखतं.

ट्रीना : डॅडी, तुला कळलं नाही हे इनॅमल आहे ते? तुला? वासावरून?

वर्लिन : झाकण उघडलं तेव्हाच कळलं.

ट्रीना : आणि बोलला नाहीस?

वर्लिन : रंग चांगला होता.

नेतो : टोमॅटोंना मी पाणी घालेन. कुत्रीही माझ्याकडे राहील. फक्त मला सांगून जा, तिला चीजचे तमाले चालतात का?

वर्लिन : मिरचीचे देऊ नको. ट्रीना, ते इंजिनाचं खोकं घे. चाकांचंही. माझी टोपी कुठे आहे? ट्रकमध्ये खिडक्या बंद ठेवायच्या, धूळ नको. एसीचा झोत माझ्याकडे वळवायचा नाही.

ट्रीना : बंद खिडक्या, एसी नाही, मोहावेचं वाळवंट. आपण वाळून जाऊ, डॅडी.

वर्लिन : आपण वाळलो तर चालेल. हँगर दे इकडे. असा नाही, खालून. हां. दार उघड, मला हात मोकळा नाही.

नेतो : शर्ट तरी घे एखादा जास्तीचा.

वर्लिन : तिच्याकडे कपडे धुवायचं यंत्र आहे. मीच चढवलंय सकाळी ट्रकमध्ये.

ट्रीना : डॅडी, नीट बसलास? तिथे आरामात आहेस ना?

वर्लिन : चल आता.

ट्रीना : आणि परत कसा येशील?

वर्लिन : वाळल्यावर बघू.