मुन्सिफसाहेबांचा बादल आणि चाचांचा पुकारा

कुत्र्याला गप बसवायचं म्हणता? अहो, ते सोपं हाये. अवघड पुढंच हाये.

निजामाच्या टायमाला मी अंबडच्या कोर्टात कारकून होतो. तिथं पुकारा करायचं काम करीमचाचांचं. आवाज असा, की बाजारातले बैल माना वर करायचे. नवे मुन्सिफसाहेब, म्हंजे जज्ज, आले ते बादल नावाचा कुत्रा घेऊनच. तो साहेबांच्या टेबलाखाली बसायचा. चाचांनी दारातून "हाजिर है?" म्हणलं की असा भुंकायचा, वकील खुर्चीवर चढायचे.

साहेबांचा राग मात्र चाचांवर. "कल ये भौंका, तो पुकारनेवाला बदल दूंगा. कुत्ता नहीं!"

चाचा पार रडकुंडीला आल्ते. मी म्हणलं, "चाचा, तुम्ही एकदम वरडता. त्याला वाटतं, धन्यावर कोणी चालून आलं. त्याला दारात आपल्याजवळ घ्या. आधी पाठीवरून हात फिरवा, मंग वरडा."

बराबर लागू पडलं. हात फिरला की बादल डोळे मिटायचा, आणि चाचा छप्पर उडेल असे वरडले तरी कान हलवायचा न्हाई.

असं दोन-तीन सालं चाललं, मंग साहेबांची बदली झाली. बादलही गेला. दुसऱ्या दिवशी नव्या साहेबांपुढं पहिलीच केस निघाली. चाचा दारात वाकून हवेतच हात फिरवून राह्यले. तोंड उघडं, पण आवाज बिलकुल न्हाई.

साहेब तडकले, "पुकारते क्यों नहीं?"

चाचांनी हात जोडले. "हुजूर, पहले एक कुत्ता मंजूर कीजिए!"