तिठ्यावरच्या गोळ्या

डिचोलीच्या दवाखान्यात विनोदिनी बाकावर बसली आणि तिने हातातली पिशवी शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली. पलीकडचा पोरगा एकदम दचकला.

"तिथं नको!"

"मनावर घेऊ नका हां बाई," त्याची बहीण म्हणाली. "त्याला बरं नाय."

विनोदिनीने पिशवी मांडीवर घेतली. पुढचं बोलणं न ऐकण्याइतकी ती लांब नव्हती.

"डोळे उघड रे दत्ता, आता नंबर लागेल."

"चार दिवस झोपतोय गो ताई, तरी झोप सरत नाय."

"डॉक्टरनं लक्ष लागायला रोज एक गोळी दिलेली. तू परीक्षेसाठी चार-चार खाल्ल्यास."

"आणि आईनं सगळ्या माझ्यावरून ओवाळून तिठ्यावर टाकल्या."

"तिला वाटलं दृष्ट लागलीय. पण त्या अशा एकदम बंद करायच्या नसतात म्हणे. हळूहळू कमी करत नेतात, नायतर आठ दिवस ॲडमिट करून घेतात."

"ती म्हणालेली, येताना मागे वळून बघू नको."

"मग?"

"मी बघितलं."

"काय होतं?"

"मीच होतो. तिठ्यावर उकिडवा बसून एकेक गोळी वेचून खात होतो."

"भास तो. आत गेल्यावर डॉक्टरना सांग सगळं."

"सांगतो. पण त्या तिठ्यावरच्याला झोपच येत नाय गो. मी झोपलो की तो नुसता माझ्याकडे बघत बसतो."

"आणि आता?"

"आता बाईंनी जागा दिली ना त्याला."

आतून नाव पुकारलं. दोघं उठून गेली. तेवढ्यात एक म्हातारी धापा टाकत बाकाशी आली आणि तिने विनोदिनीच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

"हयसर कोण बसलंय गो, बाय?"

विनोदिनीने पिशवी पोटाशी धरली.

"बसलंय," ती म्हणाली.