उडता धोटा आणि दुर्गाबाईची जागा

अध्यक्षमहाराज, वर खुर्च्यांवर बसलेले पाहुणे, समाजाचे पंच, शहापूर-वडगावचे समस्त विणकर आणि दाराशी दाटीनं उभ्या असलेल्या बायांनो,

मी सोनाबाई. शिक्षण दुसरी यत्ता, पुढं सगळा माग. मास्तरांच्या निरोपाला आतापर्यंत चारजण बोलले, चौघांनी त्यांना देव केलं. मी थकलेय, माणसाबद्दलच बोलते.

विणकाम शिकवायला आलेल्या या आण्णाप्पा मास्तरांनी सरकारचा नवा माग पहिल्यांदा आमच्या घरी बसवला. दोरी ओढली की आडवं सूत नेणारा धोटा आपला आपण पलीकडं. नाव फ्लाय-शटल. मास्तरांना इंग्रजी शब्द उसवायचा भारी नाद. म्हणाले, "आज्जी, फ्लाय म्हणजे उडणं. शटल म्हणजे त्यांच्या जुन्या भाषेत फेकायचा बाण."

मी म्हटलं, "व्हय, पर बाण हाय तर कुणाला तरी लागंलच की."

लागला तो माझ्या विधवा सुनेला, दुर्गाबाईला. आमच्या साडीला दोन्हीकडं वेगळ्या रंगाचा काठ. पलीकडच्या काठाचा धोटा फेकायला शेजारी दुसरं माणूस लागतं. बारा वर्षं ते माणूस म्हणजे दुर्गा. नव्या मागावर तसला काठ निघत नाही; माझा थोरला परशराम एकटाच साधी धोतरं काढू लागला. आठ दिवसांनी दुर्गा म्हणाली, "आत्ती, मी खानापूरला भावाकडं जाऊ? हितं बसून खानं बरं दिसत न्हाय." त्या भावाची बायको मला ठाऊक आहे. पाठवणार कशी?

आमच्यात बाई सुताच्या कांड्या भरते, काठ फेकते; मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसत नाही. हे पंचांनी कशाला सांगायला हवं? चाळीस वर्षं मीच सांगत आले. पण मास्तरांना म्हटलं, "शब्द उसवलासा, आता हिचं काय ते बी शिवा." त्यांनी मागच्या सोप्यातल्या जुन्या मागाला दोरी बसवली. ते दुर्गाला शिकवत राहिले, मी उंबऱ्यावर बसून राहिले.

पाच महिने झाले, दुर्गा त्या मागात बसते. कापड परशरामच्या नावानं जातं. व्यापारी म्हणतो, परशरामचा हात लई सुधारला. परशराम मान खाली घालतो.

मास्तर उद्या जातील. मागून त्यांच्या नावानं खडे फोडू नका. तिला बसवली ती मी. पंचांना बैठक घ्यायची असेल तर आत्ताच घ्यावी, सगळे आलाच आहात. मला पुन्हा इथवर चालवणार नाही.

मास्तर, तुमचे उपकार झाले. मंडळींनी ऐकून घेतलं, तुमचेही झाले. बोलण्यात काही उणंअधिक गेलं असेल तर पोटात घाला. मात्र दुर्गाला मागावरून उठवा म्हणाल, तर ते होणार नाही.