कोयत्याची ताडपत्री

(शिरूर कासारच्या बँकेतलं कर्जाचं टेबल. साहेब कोकणातून बदलून आलेले. शिपाई गहिनीनाथ फायली लावतोय.)

साहेब : ...म्हणून तुमचा कर्जाचा अर्ज परत आला, शाईस्ताबाई. वरचं ऑफिस विचारतंय, कोयत्याला ताडपत्री कशाला?

शाईस्ता : झोपायला.

साहेब : कोयत्याला?

शाईस्ता : मग? उघड्यावर झोपंल का? थंडीचे दिवस, संगं लेकरं.

साहेब : आमच्या गुहागरला कोयता कमरेला आकडीत अडकवतात. लेकरं नसतात त्याला.

शाईस्ता : तुमच्याकडचा निराळा असंल.

साहेब : तुम्हीच लिहिलंय, ‘यंदा तीनशे कोयत्यांना ताडपत्र्या शिवायच्या, मोठी मशीन पाहिजे.’ त्यावर शेरा आलाय : ‘अवजाराचे आच्छादन. मागणी संशयास्पद.’ माप बघून मीसुद्धा दचकलो. पंधरा फूट बाय अठरा!

शाईस्ता : सासू संगं असली तर वीस लागतं.

साहेब : गहिनीनाथ, हसताय काय?

गहिनीनाथ : साहेब, कोयता म्हंजे जोडी हो. नवरा-बायको. ऊसतोडीला जातेत ना, तवा मुकादम एका जोडीला एक कोयता म्हणतो. कारखान्याकडं सहा महिने कोपी, म्हंजे पाचटाची झोपडी, करून राहतेत. त्या कोपीवर भाबीची ताडपत्री.

साहेब : मग सरळ नवरा-बायको लिहायचं!

शाईस्ता : अर्जात इचारलंतं, गिऱ्हाईक कोण. कोयता हाय, कोयता लिवलं.

साहेब : बरं. खोडतो. ‘तीनशे कुटुंबे.’ आणि ही खालची ओळ? ‘अर्धा कोयता, बावीस.’ अर्धं कुटुंब कसं लिहू?

शाईस्ता : एकटं माणूस. कुणाचा नवरा मेला, कुणाची बायको.

साहेब : त्यांना लहान ताडपत्री?

शाईस्ता : लहान कावून? थंडी काय अर्धी वाजती का? पुरी देते. भाव अर्धा.

साहेब : म्हणजे तोट्यात. हे असंच वर गेलं तर अर्ज पुन्हा परत येईल. दसरा महिन्यावर आला. टोळ्या निघून गेल्यावर मशीन येऊन उपयोग काय? हे बावीस गाळतो मी.

शाईस्ता : गाळू नका.

साहेब : नुसत्या कागदावरून हो.

शाईस्ता : मुकादमाच्या कागदावर त्ये अर्धे तरी हायेत. तुमी पार पुसाया लागले. ऱ्हाऊ द्या कर्ज. जुन्या मशीनवर जितक्या हुतील तितक्या शिवीन.

साहेब : बसा, बसा. उठू नका. एक जागा आहे अर्जात. ‘जाहिरात खर्च.’ कमी भावात दिलेला माल तिथं दाखवता येतो, पण त्यानं जाहिरात झाली पाहिजे. खोटं मी लिहिणार नाही. होते का जाहिरात?

शाईस्ता : न्हाई. मी कुणाला सांगत बी न्हाई.

गहिनीनाथ : हुती की, साहेब. हितं शिपाई व्हायच्या आधी म्या बी तोडीला जायचो. माझी कडूबाई गेली त्या साली भाबीनं मला अर्ध्या भावात दिलती. म्या सगळ्या टोळीला सांगितलं. अजून सांगतो.

साहेब : ...लिहितो. जाहिरात खर्च, बावीस ताडपत्र्या. शाईस्ताबाई, इथं सही करा.