अर्धी गोळी

…नाही, नाही, राहू द्या, पाण्याची बाटली मी उघडतो. झाकण काही फार घट्ट नाही, माझीच बोटं जरा — सकाळी आखडतात, दुपारपर्यंत सुटतात. ठेवा इथे बाकावर. हां, तर काय म्हणत होतो मी? इंजेक्शन. तुमच्या हातातला कागद दिसला म्हणून विचारलं, तसा मी भोचक नाही — म्हणजे आहे, आमची ही म्हणतेच तसं, म्हणून तर आज मला आत घेतलं नाही तिनं. 'तुम्ही बाहेर बसा. तुमचे प्रश्न संपेपर्यंत डॉक्टर मॅडमची जेवायची वेळ होते आणि माझं विचारायचं राहूनच जातं.' आणि गेली एकटीच. बराच वेळ झाला, नाही? तुम्ही आलात तेव्हा दार बंदच होतं ना? मग झालाच बराच वेळ. असो.

पहिलंच इंजेक्शन तुमचं? मग विचारा काय विचारायचं ते. लाजायचं काय त्यात, बाकावर आपण दोघंच आहोत आणि ती काउंटरवरची मुलगी फोनवर आहे. टेस्टोस्टेरॉन म्हटलं की लोकांना एकच गोष्ट सुचते. मलाही मित्रानं विचारलं होतं, 'काय रे, म्हातारपणी चळ लागला का?' — चळ कसला, मला जिना चढवत नव्हता! मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिनं माझ्या बाबतीत काम सोडलं. दिवसभर खुर्चीत बसून असायचो, पेपर वाचायचो आणि काय वाचलं ते आठवायचं नाही. इंजेक्शन सुरू झालं आणि माणसात आलो. खरंच सांगतो. औषध चांगलं आहे. फक्त ते एकटं नसतं, हे कुणी आपल्याला नीट सांगत नाही — म्हणजे सांगतात, मॅडमनी सांगितलं होतं, मीच ऐकलं ते माझ्या पद्धतीनं.

काय होतं, की शरीरात गेलेलं सगळंच टेस्टोस्टेरॉन तसंच राहत नाही. त्यातलं थोडं चरबीत जातं आणि तिथे त्याचं इस्ट्रोजेन होतं. हो, तेच, बायकांचं म्हणतात ते. पण आपल्यालाही लागतं बरं का — हाडांना लागतं, सांध्यांना लागतं, मन थाऱ्यावर राहायला लागतं. जास्त झालं तर छाती हुळहुळते, सुजते. माझी सुजली. बनियन घासला तरी ओय ओय. रक्त तपासलं तर आकडा रेषेच्या थोडा वर. थोडाच! पण रिपोर्टात तो ठळक अक्षरात छापतात हो, शेजारी बाण काढून. ठळक अक्षर बघितलं की मला झोप लागत नाही.

मॅडम म्हणाल्या, डोस लहान करू, एकदम मोठा देण्यापेक्षा थोडा थोडा, लवकर लवकर देऊ, म्हणजे ती उसळी येणार नाही. चालायला लागा, पोट कमी करा, आपोआप बसेल. मी म्हटलं, आणि आकडा? तर म्हणाल्या, 'सर, मी आकड्याला औषध देत नाही, माणसाला देते.' आता बघा, हे मला! मी पदार्थविज्ञान शिकवलं जन्मभर. पोरं मला पाठीमागे दशांश सर म्हणायची, कारण चौथ्या दशांश स्थळापर्यंत मी सोडायचो नाही कुणाला. आणि त्याच पोरांना मी पहिल्या तासाला सांगायचो की प्रत्येक मोजमापात चूक असते, ती मान्य करा, तिच्यासकट जगा. दुसऱ्याला सांगायला काय जातं आपलं?

तर त्यावर एक गोळी असते. टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होणं थांबवते. मी वाचलं होतं सगळं, परदेशातले पुरुष घेतात, कुणी डॉक्टरच्या सल्ल्यानं, कुणी स्वतःच्या शहाणपणानं. मॅडमकडे मागितली. नाही म्हणाल्या. सरळ. 'तुम्हाला गरज नाही, उगाच सगळं इस्ट्रोजेन खाली जाईल आणि वेगळंच काहीतरी होऊन बसेल.' तुम्हीही मागू नका. मागितली तरी देणार नाहीत. मीही मग घेतली ती काही दुकानातून — नाही. दुकानातून कसली, चिठ्ठीशिवाय देत नाहीत. — कुठून म्हणजे? होती. घरात होती.

तुमचा नंबर कितवा? पुढचाच ना? मग आहे अजून थोडा वेळ.

घरात म्हणजे, हिची होती. हिला मागे छातीचं ते झालं होतं — गाठ. काढली, सगळे उपचार झाले, केस गेले, केस आले, शाळेतल्या पोरासारखी दिसायची मधे. आता नीट आहे. नीट राहावी म्हणून रोज एक गोळी, तिच्यावरही लक्ष याच मॅडमचं. छोटी, पांढरी. शरीरात इस्ट्रोजेन तयारच होऊ द्यायचं नाही, कारण ती गाठ त्याच्यावरच पोसलेली होती. हो. तीच गोळी. तेच नाव. योगायोग बघा — एकाच घरात, एकाच कपाटात, मला हवी ती गोळी, आणि आठवड्याची डबी भरायचं काम माझं. तिनंच सोपवलं होतं. 'तुम्हाला मोजामोजीची हौस आहे, तुम्ही भरा.' रक्तदाबाची, हाडांची, ही — मूठभर होतात. ती डबीचं झाकण उघडते, सगळ्या तळहातावर घेते आणि न बघता तोंडात टाकते. न बघता. आयुष्यात मी दिलेली कुठली गोष्ट तिनं तपासून घेतलेली नाही.

असं बघू नका हो माझ्याकडे. सगळी नाही घेतली. अर्धी. गोळी कापायची पात्याची डबी मिळते ना, तिच्यात ठेवून बरोबर मधोमध. अर्धी तिला, अर्धी मला. मी विचार केला होता — केला होता! — हे औषध शरीरातून सावकाश जातं, साठून राहतं, मग अर्ध्या डोसातही काम भागायला हवं. भागायला हवं, असा कागदावर हिशेब मांडला. पोरांनी असा हिशेब आणून दाखवला असता तर वही भिरकावली असती मी. एक महिना, म्हटलं. छाती उतरली की बंद.

छाती उतरली. दुसऱ्या लॅबमधे जाऊन गुपचूप रक्त दिलं, आकडा रेषेच्या आत. इतका आनंद झाला म्हणून सांगू, कागद खिशात घालून फिरत होतो. मग बंद का नाही केलं? विचारा ना. मीच विचारतो स्वतःला. कारण तिची बोटं बरी झाली.

म्हणजे असं — त्या गोळीनं सांधे धरतात. तिला सकाळी कप उचलवत नव्हता. शिलाई मशीनवर तिनं कापड टाकून ठेवलं होतं, कारण सुईत दोरा ओवता येईना. आणि मी अर्धी केल्यावर काही आठवड्यांत एके दिवशी मशीनचा आवाज आला. मी धावत गेलो खोलीत. तर ही बसलीय चष्मा नाकावर ओढून, आणि मला म्हणते, 'हात वर करा, छातीचं माप घेते.' टेप लावला आणि हसायला लागली, 'आता कसे पुरुषासारखे दिसताय.' हा शर्ट तिनं शिवलेला. आता सांगा, थांबवू कसं मी? थांबवलं की परत तिची बोटं जाणार. असं म्हणत राहिलो. माझी बोटं धरायला लागली तरी म्हणत राहिलो. या शर्टाची बटणं आज सकाळी तिनं लावून दिली, मला जमेनात. तिचं दुखणं उचलून मी माझ्या हातांत घेतलंय, असंसुद्धा एकदा मनात आलं — काय पण मोठेपणा! चोरीलासुद्धा मला सुंदर नाव लागतं.

जिना परत चढवत नाही. मन तर विचारू नका, सगळीकडे राख पडल्यासारखं. माझं इस्ट्रोजेन बहुतेक तळाला गेलं असणार, मॅडम म्हणाल्या होत्या तसंच. तपासलं नाही. इथे माझं रक्त द्यायची वेळ आली तेव्हा सर्दी झालीय म्हणालो.

पण तिनं दिलं. मागच्या वेळी आली तेव्हा मॅडमना कौतुकानं बोटं हलवून दाखवली, मूठ वळून दाखवली, 'बघा, कशी मोकळी झाली.' मला वाटलं, त्या हसतील. त्या हसल्याच नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, 'गोळी रोज घेताय ना?' ही म्हणाली, 'अहो, हे भरून देतात, चुकायचा प्रश्नच नाही.' आणि दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी काय केलं? मान हलवली. होय अशी. मग त्यांनी वेगळ्या तपासणीला रक्त पाठवलं, आणि काल फोन आला, या म्हणून. इस्ट्रोजेनचा आकडा वर आलाय तिचा. रोज गोळी घेऊनही वर, असं त्यांना वाटणार. मग काय वाटणार? की गोळी लागू पडेनाशी झाली. की कुठेतरी परत काहीतरी — म्हणजे स्कॅन, सुया, ते सगळं पहिल्यापासून. आणि हे सगळं आत्ता, या दारामागे, तिला एकटीला सांगतायत त्या. आणि मी इथे तुम्हाला इंजेक्शनचं शिकवतोय.

उठलात का? कुठे? — काउंटरवर? नाही, थांबा. तुम्ही नका सांगू. तुमचा काय संबंध? मी सांगणार आहे. सांगणारच होतो, रिक्षातही सांगणार होतो, तिनं तेवढ्यात माझी कॉलर नीट केली. बसा हो, पाया पडतो तुमच्या. मला एवढंच सांगा, तुमच्या बायकोनं तुम्हाला असं — नको. नका सांगू.

दार वाजलं. आली. तुम्ही मला ओळखत नाही, बरं का.

झालं गं? ये. काय म्हणाल्या? …गोळीऐवजी इंजेक्शन? कमरेत, दर महिन्याला? …आणि स्कॅन कधी? …हो, हो, ऐकतोय. …अगं, तू कशाला 'घाबरू नका' म्हणतेस मला? …असू दे, बाटली असू दे, मी उघडतो, तू नको — …उघडलीस पण. एका झटक्यात.

नको मला पाणी. नको, बसूही नकोस. चल, परत आत जाऊ. …नाही, औषधांचं नाही. …नाही गं, आज एकही प्रश्न विचारायचा नाही मला. सांगायचंय. तुझ्यासमोर सांगायचंय, बाहेर सांगितलं तर तू मला वाचवशील. हात दे.

अहो, तुमचा नंबर पुकारला त्यांनी, ऐकलं मी. जरा थांबा. आधी आम्हाला जाऊ द्या.